कोझुमेलला क्रूझ थांबली की गर्दीतून सटकायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्युस्टनमध्ये राहायचं आणि क्रूझला जायचं नाही हे जमतच नाही, कारण गॅल्व्हेस्टनचं बंदर गाडीने तासाभरावर आणि तिथून सुटणाऱ्या निम्म्या बोटी मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर थांबतातच. मी आत्तापर्यंत पाच वेळा उतरलेय तिथे, पहिल्या वेळी इतकी वैतागले होते की परत पाय ठेवणार नाही म्हणाले होते. आता स्प्रिंग ब्रेक जवळ आला की तेच तेच प्रश्न मेसेजवर येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. नंबर टाकलेत, म्हणजे एका उत्तरात दुसऱ्याकडे बोट दाखवता येईल.

१. कोझुमेलला एवढी गर्दी का असते? बेट फार लहान आहे का?

लहान अजिबात नाही हो. जवळजवळ ४८ किलोमीटर लांब आणि १५ च्या आसपास रुंद. पण धक्के तिन्ही पश्चिम किनाऱ्यावर, बीच क्लब (पैसे देऊन खुर्ची-छत्री मिळते त्या जागा) बहुतेक सगळे त्याच बाजूच्या एकाच रस्त्यावर, आणि एका बोटीत तीन-चार हजार माणसं, नव्या मोठ्या बोटीत तर पाच-सहा हजार. गर्दीच्या दिवशी अशा पाच-सहा बोटी एकदम उभ्या असतात. वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास क्रूझवाले येतात इथे. आणि हे सगळे साधारण नऊ-दहाला उतरतात, त्याच चार क्लबांत जातात, तीनला परत निघतात. म्हणजे बेट भरलेलं नसतं, बेटाची एक पट्टी भरलेली असते, तीही चार-पाच तास. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

२. आमची बोट नक्की कुठे लागते? तीन धक्के आहेत म्हणे.

हो. पुंता लांगोस्ता हा अगदी सान मिगेल गावात, उतरलं की समोर दुकानं. बाकी दोन, म्हणजे इंटरनॅशनल पिअर आणि पुएर्ता माया, गावाच्या दक्षिणेला चार-पाच किलोमीटरवर, एकमेकांच्या शेजारी. रॉयल कॅरिबियन कंपनीची बोट बहुधा इंटरनॅशनलला आणि कार्निव्हलची पुएर्ता मायाला लागते, पण बदल होतात, आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या कागदावर किंवा ॲपवर बघा. या दोन्ही ठिकाणी बाहेर पडायचा रस्ता दुकानांमधूनच काढलेला आहे, टकीला चाखा, हिरा बघा, फोटो काढा. थांबू नका, सरळ चालत टॅक्सीच्या रांगेपर्यंत जा. आमच्या ग्रुपची पहिल्या वेळची पाऊण तासाची नासाडी इथेच झाली, एका मेंबरला फ्रिजवर लावायचा मॅग्नेट हवा होता.

३. त्या दिवशी किती बोटी आहेत हे आधी कळतं का?

कळतं. बंदराचं वेळापत्रक ऑनलाइन असतं, बंदराचं नाव आणि तारीख टाकून शोधलं की बोटींची यादी येते. दोन-तीन बोटी असतील तर फार डोकं चालवू नका, पश्चिमेला कुठेही जा. पाचच्या वर असतील तर मात्र प्लॅन लागतोच. साधारणपणे आठवड्याच्या मधले दिवस, मंगळवार ते गुरुवार, जास्त भरलेले असतात आणि रविवारी बोटी कमी.

पण रविवारची एक गंमत आहे. त्या दिवशी बेटावरची स्थानिक कुटुंबं सुट्टी घालवायला पूर्व किनाऱ्यावर येतात, सकाळीच डबे, बर्फाच्या पेट्या, आज्या, नातवंडं सगळं घेऊन. म्हणजे नेहमी रिकामी असणारी बाजू रविवारी भरलेली. मला ती गर्दी आवडते खरं तर, आपल्या काशिदची आठवण येते, पण तुम्हाला एकांतच हवा असेल तर रविवारी उलटा हिशोब करा. आणि बेटाच्या दक्षिण टोकाचं पुंता सुर पार्क (प्रश्न १२) रविवारी बंद असतं, तेही लक्षात ठेवा.

४. आम्हाला फार धाडस नको, लहान मुलं आहेत. पश्चिमेलाच जरा शांत काही आहे का?

आहे. मोठे आणि गाजलेले क्लब म्हणजे पॅराडाइज बीच, मिस्टर सँचोज, प्लाया मिया. हे गावापासून १४-१५ किलोमीटरवर एकमेकांजवळच आहेत. पाण्यातले फुगवलेले खेळ, स्विमिंग पूल, गाणी, सगळं आहे, मुलं खूश होतात. पण शांत? नाही. त्यांच्या थोडं पुढे नाची कोकोम आहे, ते दिवसाला मर्यादितच माणसं घेतात आणि आधी बुकिंग लागतं, त्यामुळे तिथे बोटी कितीही आल्या तरी खुर्चीला खुर्ची लागत नाही. अजून खाली पालांकार बीच, तिथे पूल वगैरे नाही, झाडं आणि वाळू, आणि जेवढं दक्षिणेला जाल तेवढी टॅक्सी महाग होते म्हणून माणसं कमी, इतकं साधं गणित आहे.

एक सल्ला, दारू न पिणाऱ्यांनी ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ घेऊ नका. त्यात बहुतेक पैसे बारचेच असतात. नुसती एंट्री आणि लागेल ते विकत असा पर्याय बऱ्याच ठिकाणी मिळतो, विचारावं लागतं फक्त.

५. सकाळी लवकर जाणं बरं की दुपारी?

दोन्ही बरं, मधलं वाईट. बोट आठला लागली तर साडेआठला टॅक्सीत बसा, नऊला पाण्यात. साडेदहाच्या सुमाराला टूरच्या बसेस यायला लागतात तेव्हा तुमचं पहिलं पोहणं झालेलं असतं. उलट बोट उशिरापर्यंत थांबणार असेल तर बोटीवरच निवांत जेवा आणि दीडला निघा, अडीचपासून खुर्च्या रिकाम्या होत जातात. अकराला निघालात तर टॅक्सीची रांग, खुर्चीची रांग, बाथरूमची रांग, सगळीकडे रांगच. परतताना तीन ते चार टाळा, धक्क्याच्या दारात आत शिरायलाच वेळ लागतो.

६. पूर्व किनाऱ्याचं फार ऐकलंय. खरंच रिकामा असतो का? काय आहे तिकडे?

मला विचाराल तर उतरायचं ते यासाठीच. सान मिगेलमधून बेटाच्या मधून आडवा एक सरळ रस्ता जातो, १५-१६ किलोमीटर, दोन्ही बाजूला झुडपांचं जंगल, वाटेत सान हेर्वासिओच्या माया अवशेषांकडे जाणारा फाटा लागतो, आणि मग एकदम समोर उघडा कॅरिबियन समुद्र. हॉटेलांची रांग नाही, दुकानांची गर्दी नाही, विजेच्या तारासुद्धा नाहीत. तिथून रस्ता किनाऱ्याला धरून दक्षिणेला जातो, आधी पुंता मोरेना, मग चेन रिओ, मग सान मार्तीन, आणि शेवटी टोकाला पुंता सुर. मधे मधे पाल्याच्या छपराचे छोटे बार आहेत, जनरेटरवर नाहीतर सोलरवर चालतात आणि अंधाराआधी बंद करून घरी जातात.

गेल्या वेळी सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, वय ७४, गुडघ्याचा त्रास, त्यांना क्लबमधला धांगडधिंगा नको होता. चेन रिओला खडकांची एक रांग समुद्रात आडवी आहे, लाटा तिच्यावर आपटून फुटतात आणि अलीकडे गुडघाभर पाण्याचं कुंड तयार होतं. त्या साडी जराशी वर खोचून त्यात बसल्या. पलीकडे लाटा एवढ्या उडतायत आणि यांच्या पायाशी पाणी नुसतं हललं न हललं. पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढली, एक तुकडा शेजारच्या मेक्सिकन आजीला दिला, तिने सोललेला आंबा दिला तिखट लावून, भाषा दोघींनाही एकमेकींची शून्य. दोन तास त्या उठल्या नाहीत. बोटीवर परत आल्यावर तिखट लावलेल्या आंब्याची कृती मला विचारत होत्या, जसं काही मी तिथे शिकून आले.

७. पूर्वेला पोहता येतं का? कोणी म्हणालं फार धोकादायक आहे.

खरं म्हणालं. तुमच्या हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर समुद्र कसा दिसतो, सुंदर पण जवळ जावंसं वाटू नये असा, तसाच आहे हा. पश्चिमेला समोर मुख्य भूमी आहे म्हणून पाणी शांत, पूर्वेला अडवायला काही नाही आणि ओढ जबरदस्त. चेन रिओच्या खडकाआडचं कुंड सोडून मी मुलांना कुठेही पाण्यात सोडत नाही, आणि तेही लाटा खडकावरून आत येत नसतील तरच. जीवरक्षक असेलच असं धरू नका. लाल झेंडा दिसला तर विषय संपला, भले तुम्ही शिवाजी पार्कच्या तलावात मेडल मारलेलं असो. खडक चुनखडीचे आणि धारदार आहेत, रबरी तळाचे पाण्यातले बूट न्याच, चपलेने भागत नाही.

नीट पोहायचंच असेल तर पश्चिम (प्रश्न ४), बघायला आणि बसायला पूर्व. दोन्ही एका दिवसात होतं, त्यासाठी पुढचा प्रश्न.

८. तिकडे जायचं कसं? टॅक्सी, जीप, स्कूटर?

टॅक्सीला मीटर नाही, ठरलेले दर आहेत, धक्क्यावर बोर्ड असतो, आणि दर साधारण चार माणसांपर्यंतच्या गाडीचा असतो, माणशी नाही, म्हणून बसायच्या आधी ‘सगळ्यांचे मिळून ना?’ हे विचारा आणि डॉलर की पेसो तेही. पश्चिमेच्या क्लबला टॅक्सी उत्तम, परतायला बाहेर उभ्याच असतात.

पूर्वेला तसं नाही, तिथे टॅक्सी उभी नसते आणि फोनला रेंज येते-जाते. आमचं एकदा असंच झालं, ड्रायव्हर म्हणाला दोनला येतो, आम्ही मान डोलावली, पैसे जातानाच दोन्ही वेळचे दिले, दोन वाजले अडीच वाजले, नवरा रस्त्याच्या मधोमध उभा, शेवटी एका पिकअपवाल्या कुटुंबाने मागे बसवून गावात सोडलं, नारळाच्या पोत्यांवर. बोट मिळाली पण माझं बीपी आठवड्यानंतर खाली आलं. तेव्हापासून नियम, परतीचे पैसे परत आल्यावर. नाहीतर सरळ चार तासांसाठी टॅक्सी ठरवा, गाडी तुमच्यासोबतच थांबते, चौघांत विभागलं तर जीपपेक्षा फार महाग पडत नाही.

जीप किंवा साधी कार भाड्याने घेतली तर सगळी प्रदक्षिणा होते, ६०-६५ किलोमीटर, रस्ता चांगला, चुकायला जागाच नाही. अमेरिकेतलं लायसन्स चालतं. पण अमेरिकेतला कार इन्शुरन्स मेक्सिकोत सहसा चालत नाही आणि तिथला थर्ड पार्टी इन्शुरन्स कायद्याने लागतोच, त्यामुळे वेबसाइटवर दहा डॉलर दिसले तरी काउंटरवर आकडा फुगतो, त्याला तयार राहा. ताब्यात घेताना गाडीचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढा. पेट्रोल गावातच मिळतं, पूर्वेला पंप नाही.

स्कूटर नको. पुण्यात वीस वर्षं चालवली असली तरी नको. उजव्या बाजूची वाहतूक, वाळू सांडलेले रस्ते, अचानक समोर येणारे स्पीड ब्रेकर, त्यांना तिथे तोपे म्हणतात, आणि अंगात बीचचे कपडे. पट्ट्या बांधून बोटीवर परत येणारी माणसं दर वेळी बघते मी.

९. मेक्सिकोत बीच सरकारी असतात ना? मग क्लबला पैसे का द्यायचे?

बरोबर, किनारा सगळ्यांचा आहे, कायदाच आहे तसा, भरतीच्या रेषेपासून वीस मीटर पट्टी सरकारची. पण किनाऱ्यापर्यंत पोचायची वाट, खुर्ची, छत्री, संडास हे क्लबचं असतं, पैसे त्याचे. फुकटात पाहिजे तर गावाजवळ कालेतिता नावाची छोटी सार्वजनिक जागा आहे, स्थानिक मुलं तिथेच डुंबत असतात, पाणी नितळ. वाळूची अपेक्षा ठेवू नका. पूर्वेला तर बहुतेक सगळं फुकटच, बारमध्ये काहीतरी मागवा म्हणजे झालं.

१०. एल सिएलोचे स्टारफिशचे फोटो बघितले. तिथे तरी शांतता असेल?

फोटोत असते. एल सिएलो म्हणजे दक्षिणेकडे समुद्रातला वाळूचा उथळ भाग, कमरेएवढं पाणी, तळाशी स्टारफिश, आणि जायचं फक्त होडीने. त्यामुळे अकरा ते एक या वेळात होड्यांचं पार्किंग झालेलं असतं आणि प्रत्येक होडीवर वेगळं गाणं. सकाळची पहिली छोटी होडी मिळाली तर मात्र खरंच स्वर्ग आहे, नावाचा अर्थही तोच. हा भाग १९९६ पासून राष्ट्रीय सागरी उद्यानात येतो. २०१९ मध्ये प्रवाळाला रोग लागला म्हणून हाच भाग काही आठवडे पर्यटकांना बंदही केला होता, तेव्हा बुकिंगच्या आधी चालू आहे का बघा. स्टारफिश हातात धरून पाण्याबाहेर काढू नका, मरतात. सनस्क्रीनही लावू देत नाहीत बऱ्याच होड्यांवर, पूर्ण बाह्यांचा स्विमशर्ट न्या.

११. सरगॅसम म्हणजे ते तपकिरी गवत, ते आलं तर काय?

ते शेवाळ. साधारण मार्च-एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत कधीही येतं, कधी ढीग कधी काहीच नाही, आणि कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास. येतं ते मुख्यतः पूर्व किनाऱ्यावर, पश्चिम बाजू बेटाच्या आडोशाला असल्याने बहुतेक वेळा स्वच्छ राहते. म्हणून उन्हाळ्यात पूर्वेचा प्लॅन असेल तर आदल्या दिवशीचे ताजे फोटो बघा, खराब असेल तर पुंता सुर किंवा पालांकार पकडा.

हिवाळ्यात उलटं, तेव्हा उत्तरेचा वारा सुटतो, त्याला नॉर्ते म्हणतात, आणि पश्चिमेचंच पाणी खवळतं. फार वाढला तर बंदरच बंद करतात, बोट थांबत नाही. अशा वेळी क्लबचे ॲडव्हान्स पैसे परत मिळतात का ते बुकिंग करतानाच वाचा, बरेच जण देतात.

१२. पुंता सुर गर्दीचं आहे का? नाव तीनदा आलं.

दक्षिण टोकाचं पार्क आहे, सेलारेनचं दीपगृह, खारफुटीचं तळं, त्यात खऱ्या मगरी, आणि लांबलचक पांढरा किनारा जिथे पाणी पूर्वेपेक्षा शांत. तिकीट आहे आणि अंतर आहे, म्हणून मोजकेच लोक. दीपगृहावर चढा, दोन्ही बाजूंचे समुद्र एकदम दिसतात. मला बेटावरची सगळ्यात आवडती जागा, पण किमान तीन तास हातात पाहिजेत आणि चारच्या सुमाराला बंद होतं.

१३. आम्ही शुद्ध शाकाहारी. आडबाजूला गेलो तर खायचं काय?

ग्वाकामोले आणि चिप्स सगळीकडे, चीजचं केसादिया सगळीकडे, फळं सगळीकडे. फसतो आपण बीन्स आणि भातात. बीन्स पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात, तिला मांतेका म्हणतात, आणि भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही, कारण मासे आणि चिकन चालेल असं गृहीत धरतात. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मांतेका’ एवढं पाठ करा, आमच्या मुलीने चालीवर बसवलंय ते. बोटीवरची फळं, सँडविच बाहेर नेता येत नाहीत, कुत्रा घेऊन हुंगायला उभे असतात. सीलबंद पाकीट सहसा चालतं, चकली-चिवड्याचं फोडलेलं नाही.

१४. डॉलर चालतात का?

पश्चिमेला सर्रास. पूर्वेला फक्त रोख, कार्ड विसरा, आणि सुटे पेसोत मिळतात. छोट्या नोटा न्या.

१५. मोबाइलची वेळ आणि बोटीची वेळ वेगळी येते, कुठली धरायची?

बोटीची. नेहमी. हा प्रश्न क्षुल्लक वाटतो पण बोटी चुकतात त्या याच्यामुळेच. कोझुमेल ज्या राज्यात येतं त्या किंताना रोओने २०१५ मध्ये आपली वेळ एक तास पुढे नेली आणि तिथे उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाहीत. त्यामुळे गॅल्व्हेस्टनहून उन्हाळ्यात गेलात तर दोन्हीकडची वेळ एकच, हिवाळ्यात बेट एक तास पुढे, म्हणजे फोनवर विसंबलात तर उगाच तासभर लवकर पळत याल, नुकसान काही नाही. पण फ्लोरिडाहून उन्हाळ्यात गेलात तर बेट एक तास मागे. तुमच्या फोनवर तीन वाजलेत आणि बोटीवर चार! काही बोटी स्थानिक वेळेला आपलं घड्याळ जुळवतात, काही नाही, म्हणून उतरताना दाराशी विचारा आणि साधं मनगटी घड्याळ घाला. ‘ऑल अबोर्ड’ म्हणजे सगळ्यांनी बोटीवर परत आलेलं असायची वेळ, सुटायची नव्हे, ती बोट सुटायच्या आधी अर्धा-एक तास असते.

१६. आपण स्वतः फिरलो आणि बोट चुकली तर थांबतात का?

बोटीच्या स्वतःच्या टूरवर असाल तर थांबतात, स्वतःचे गेला असाल तर नाही. मी पूर्वेला असले तर ऑल अबोर्डच्या दोन तास आधी गाडीत, पश्चिमेला दीड तास. पासपोर्ट बोटीच्या तिजोरीत ठेवू नका असं काही जण म्हणतात, काही म्हणतात नेऊ नका हरवेल. मी फोनमध्ये फोटो आणि पर्समध्ये झिपच्या पिशवीत मूळ प्रत नेते, भारतीय पासपोर्टवर असाल तर तेच बरं.

१७. आईबाबा भारतातून आलेत, त्यांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागतो का?

अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. पण अमेरिकेत परत शिरायचं असतं हे विसरू नका, तो मल्टिपल एंट्रीचा आणि परतीच्या तारखेपर्यंत वैध पाहिजे. एच-वन वाल्यांचा शिक्का संपलेला असेल तर मला विचारू नका, वकिलाला विचारा, आणि क्रूझ कंपनीलाही, कारण चढू द्यायचं की नाही हे धक्क्यावर तेच ठरवतात.

१८. उतरलोच नाही तर?

हे विचारायला लोक लाजतात, पण गर्दी टाळायचा सगळ्यात सोपा उपाय हाच. सगळे उतरलेले असतात, बोट रिकामी, पूल रिकामा, जेवणाला रांग नाही. आमचे सासरे गेल्या वेळी आले नाहीत आमच्याबरोबर. आम्ही पाचला परतलो तेव्हा उन्हाने लाल झालेलो, केसांत वाळू, आणि ते वरच्या डेकवर गरम पाण्याच्या टबात एकटे, डोक्याला रुमाल, हातात तिसरा चहा. म्हणाले, काय, मिळाली का कुठे बसायला जागा?